पैठणीची वाटणी

जमिनीची वाटणी करायला मोजणीवाला लागतो, तलाठी लागतो, चार पंच लागतात, पण ती होते. विहिरीचं पाणी बाऱ्या लावून वाटता येतं. बांधावरच्या आंब्याची फांद्यांवरून वाटणी झालेलीसुद्धा मी पाहिली आहे. वाटता येत नाही ते जुनं लुगडं. कात्री लागली की ते लुगडं राहत नाही, चिंध्या होतात. आई गेल्यावर आम्हा तिघा भावंडांपुढं हाच पेच पडला. शेत, घर, तांब्यापितळेची भांडी यांचं एका बैठकीत मिटलं. आजीच्या पैठणीवर जे गाडं अडलं, ते सव्वा वर्ष अडलं.

आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैठणी आली कशी, असं कुणीही विचारील. आजीचं माहेर पैठणचं. तिच्या वडिलांचं धान्याचं लहानसं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांत विणकर बरेच. त्यातल्या एकानं दोन सालांच्या जवारीच्या उधारीपोटी ही पैठणी दिली आणि तीच आजीच्या लग्नात तिच्या अंगावर आली. नऊवारी, डाळिंबी रंगाची, अंगभर बारीक बुट्ट्या, हिरवे काठ आणि पदर सगळा जरीचा. त्या जरीत रंगीत रेशमाचे वेल. आजी पदर उलटा करून दाखवायची आणि विचारायची, "सांग बरं, उजवी बाजू कोन्ती?" आम्हाला कधीच सांगता आली नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या. विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची कांडी वेगळी असते. एका पानाचा धागा त्या पानाच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच माघारी फिरतो. मागं लोंबतं सूत राहत नाही. शेजाऱ्याच्या बांधाला हात लावून आपल्या वावरात परत यावं, तसं ते विणकाम.

जर म्हणजे नुसता चकचकीत दोरा नव्हे. जुनी जर चांदीची. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी करायची, रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. ते सोनं इतकं पातळ असतं की जोरानं चोळलं तरी जातं. आता बाजारात जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा तांबं नाहीतर प्लास्टिक असतं. ती स्वस्त असते, वजनाला हलकी असते आणि बोहारणीशिवाय तिला कुणी विचारत नाही. जुनीला मात्र विचारणारे होते, आणि तेच तिच्या मुळावर आले.

1972 चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी बारा वर्षांचा होतो. आई-दादा दोघंही खडी फोडायला जायचे. घरात रेशनची लाल मिलो जवारी, तिच्या भाकरीला ना चव ना पापुद्रा. त्या दिवसांत गावोगाव जुनी जर विकत घेणारे फिरायचे. आमच्या काकूचा बनारसी शालू होता. एका दुपारी तो आमच्याच अंगणात निघाला. त्या माणसानं कात्रीनं पदर आणि काठ कापून घेतले, मधलं रेशीम बाजूला टाकलं. कापलेलं लोखंडी घमेल्यात ठेवून काडी लावली. केस जळाल्यासारखा वास सुटला. रेशमाची राख झाली. ती पाण्यात खळबळली तेव्हा तळाला तारांचा एक काळपट गुंता उरला, वाटीत मावेल एवढा. तो तागडीत टाकून त्यानं चांदीचे पैसे मोजले. वरच्या सोन्याचा हिशेब झाला नाही, विणकरीचा तर नाहीच. त्या पैशांत कडबा आला आणि काकूची बैलजोडी जगली.

काकूचं चुकलं, असं आजी कधी म्हणाली नाही. मुक्या जनावराचा जीव लुगड्यापेक्षा मोठा, हे तिलाही कळत होतं. पण तो माणूस आजीपुढं बसून पैठणी मागायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "माझी एकटीची आसती तर दिली आसती. ही समद्या पोरींची हाये."

ते खरंच होतं. भावकीतली प्रत्येक लेक आणि प्रत्येक सून त्याच पैठणीत बोहल्यावर उभी राहिली. माझी आई, काकू, दोन्ही आत्या, अक्का, चुलत बहिणी मिळून अकरा जणी. आजी ती कुणालाही नाकारत नसे, पण तिचे नियम कडक होते. अक्षता पडल्या की तासाभरात पैठणी अंगावरून उतरलीच पाहिजे. ती नेसून पंगतीला बसायचं नाही. पदराला टाचणी लावायची नाही. परत आली की ती सावलीत बाजेवर पसरायची, घामाचा ओलावा जाऊ द्यायचा, ऊन लागू द्यायचं नाही. मग दादांच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरात बांधून पेटीत. सोबत वाळलेला कडुलिंब, वेखंड आणि चार लवंगा, पण वेगळ्या पुरचुंडीत. पाला कापडाला लागला तर डाग पडतो. दसऱ्याला आणि संक्रांतीनंतर पेटी उघडायची आणि घडी बदलायची. जूं एकाच जागी बसलं की बैलाचं खांद सोलून निघतं, तसं कापड एकाच घडीवर झिजतं, असं ती सांगायची. हे सगळं तिला कुणी शिकवलं, देव जाणे. बियाणं राखेत घालून वर्षभर टिकवणाऱ्या बायका त्या. टिकवणं हे त्यांच्या रोजच्या कामातलंच एक काम होतं.

पैठणीवर खरी आपत्ती आली ती धरणानं. जायकवाडीचं काम 1965 ला सुरू झालं आणि 1976 ला धरणाचं उद्घाटन झालं. त्याच्या आधीच पाणी आमच्या शिवारात चढायला लागलं होतं आणि गाव उठलं. आम्ही बैलगाडीत संसार घालून नव्या गावठाणात आलो. आढ्याची लाकडं, दाराच्या चौकटी, जातं, सगळं सोबत आणलं. पत्र्याच्या पेटीवर आजी स्वतः बसून आली. पण नव्या जागी पहिले दोन पावसाळे आम्ही कुडाच्या खोपटात काढले. खाली काळी जमीन, तिच्यातून ओल वर यायची. पेटी विटांवर ठेवली तरी तळाला गंज धरला आणि तो खालच्या घडीत उतरला. आजी तिसऱ्या वर्षी गेली. पुढं आईनं तोच नेम चालू ठेवला. 1989 ला एका चुलत बहिणीच्या लग्नात पदर सावरताना घडीवर बोटभर चीर गेली. आईनं त्या दिवशी पैठणी धोतरात बांधली आणि त्यानंतर ती कुणाच्या अंगावर गेली नाही.

आईच्या तेराव्यानंतर पेटी उघडली, तेव्हा पदराची जर काळी पडली होती. घडीच्या रेषांवर रेशीम उभं चिरलं होतं. खांद्यावर जिथं अकरा जणींचा भार पडला, तिथं ते जाळीसारखं विरविरीत झालं होतं. तळाच्या बाजूला गंजाचे तपकिरी ठिपके. आणि पदराच्या एका टोकाला हळदीचा हातभर फिकट पिवळा डाग.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं असं पडलं, की तिघांना सारखा वाटा मिळाला पाहिजे. शहरात एक दुकानदार आहे, तो पदराचे तीन तुकडे करून काचेच्या फ्रेमा करून देतो आणि काठ काढून नव्या रेशमाला लावून देतो. आपल्याकडं जुने काठ नव्या लुगड्याला लावायची चाल आहेच, त्यामुळं भाऊ काही वेडंवाकडं बोलत होता असं नाही. अक्काचं म्हणणं दुसरं. तिच्या नातीचं लग्न ठरत आलं होतं. जर उजळून घ्यावी, रफू करावं आणि पोरीनं पैठणी नेसावी. मग ती पेटी अक्कानं न्यावी. भाऊ म्हणाला, "मग आमच्या वाट्याला काय?"

अक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शेताच्या हक्कसोडावर मी सही केली तवा मी ईचारलं का रे, माझ्या वाट्याला काय?"

बैठक तिथंच मोडली. आमच्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात, त्याला कुणी दान म्हणत नाही की त्याग म्हणत नाही. रीत म्हणतात. सही झाली की बहिणीला साडीचोळी होते आणि विषय संपतो. अक्कानं साऱ्या आयुष्यात माहेरचं मागितलं ते हे एक फाटकं लुगडं, आणि तेही आम्ही मापायला बसलो होतो.

पुढचं वर्ष नुसत्या फोनाफोनीत गेलं. शेवटी भाचीनं मार्ग काढला. तिच्या ओळखीच्या एक बाई पुण्यात जुन्या कापडाचं जतन करण्याचं काम करतात. पूर्वी वस्तुसंग्रहालयात होत्या. कापण्याआधी एकदा त्यांना दाखवा, असं तिनं सुचवलं. बाई अक्काच्या घरी, पैठणला आल्या. तिघांपैकी कुणाच्याच बाजूनं न बोलणारं माणूस त्या बैठकीत प्रथमच आलं होतं.

बाईंनी आधी हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवल्या. हात साबणानं धुऊन कोरडे केले. दोन टेबलं जोडून वर पांढरा कपडा अंथरला आणि पैठणी उचलली ती दोघींच्या चार हातांवर, खालून आधार देऊन, आजारी माणसाला उचलावं तशी. मग भिंग घेऊन वितीवितीनं बघत गेल्या. सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "या पेटीत लोकरीचं काही होतं का?" आजीचं घोंगडं होतं. त्यांनी सांगितलं, लोकरीत गंधक असतं आणि गंधकाच्या हवेनं चांदी काळी पडते. द्राक्षावर, मोसंबीवर आम्ही गंधक मारतो. ते घरात असलं की बायकांचे पैंजण लवकर काळे पडतात, हे मला माहीत होतं. घोंगड्यातही गंधक असेल हे कुणाच्या ध्यानात येणार?

अक्कानं जर उजळण्याचं काढलं. बाई म्हणाल्या, "काळेपणा काढायला औषध आहे. पण तो निघताना त्याच्याबरोबर वरचं सोनंही निघून जाईल. जर पांढरी दिसेल, पुन्हा काळी पडेल, आणि दर वेळी तार थोडी थोडी खाल्ली जाईल." चिंच-लिंबानं तर अजिबातच चोळायचं नाही, भांडं आहे का ते? मग धुण्याचा प्रश्न आला. त्यांनी कापसाच्या बोळ्याला पाण्याचा थेंब लावून एका कोपऱ्यावर अलगद टेकवला. बोळा गुलाबी झाला. "रंग सुटतोय. पाणी लावलं तर डाळिंबी रंग हिरव्या काठात आणि पदरात उतरेल." ड्रायक्लीनला दिली तर तिथल्या यंत्रातल्या हिसक्यांनी चिरलेलं रेशीम तुटून जाईल. म्हणजे धुणं बाद.

"मग नवी होणारच न्हाई का?" अक्कानं विचारलं.

"नाही ताई. आहे तेवढी थांबवता येईल."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण ते माझ्या कामातलं होतं. उतारावरची माती एकदा नाल्यात गेली की ती परत आणता येत नाही. बाहेरून गाळ आणून टाकाल, पण ती तुमच्या वावराची माती नव्हे. आपल्या हातात असतं ते बांध घालणं. राहिलेली माती राहील एवढं बघायचं. बाई तेच सांगत होत्या. मी ते अक्काला मातीच्या भाषेत सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली.

नेसण्याचंही बाईंनी स्पष्ट सांगितलं. खांद्यावरचं रेशीम पदराच्या चांदीचं वजन आता पेलणार नाही. पहिल्या पावलाला फाटेल. आणि फ्रेमचं विचारल्यावर त्या भावाकडं वळून म्हणाल्या, की काचेला टेकलेलं कापड ओलीत काचेला चिकटतं आणि भिंतीवरच्या उजेडानं रंग उडतात. दहा वर्षांत तीन घरांत तीन फिके तुकडे राहतील. भाऊ काही बोलला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "खर्च काय येईल तो मी देतो." मी आणि अक्का दोघंही म्हणालो, तिघांत सारखा. एवढी एक वाटणी बिनबोभाट झाली.

पैठणी चार महिने बाईंकडं होती. मी एकदा काम बघायला गेलो. धूळ त्यांनी मऊ कुंचल्यानं आणि तोंडाला जाळी बांधलेल्या बारीक यंत्रानं काढली होती. जिथं चीर होती तिथं मागून पातळ रेशमाचा आधार, त्याच डाळिंबी रंगात रंगवून घेतलेला. सुई बाकदार, दोरा केसाहून बारीक. टाका घ्यायचा तो जुन्या धाग्यात सुई न खुपसता, दोन धाग्यांच्या मधल्या फटीतून. सुटलेले धागे आपापल्या जागी नीट मांडून त्यांच्यावरून आडवा दोरा नेऊन अडकवायचा. चीर ओढून शिवायची नाही. ओढली की ताण शेजारी जातो आणि तिथं दुसरी चीर पडते. डिंक, गोंद काही नाही. "उद्या माझ्यापेक्षा कुणाला चांगलं जमलं, तर माझे टाके उसवता आले पाहिजेत," असं बाई म्हणाल्या. आपलं काम पुढच्याला काढून टाकता यावं म्हणून जपून करणारं माणूस मी प्रथमच बघितलं.

हळदीच्या डागाचं मी विचारलं. म्हणाल्या, "हळद रेशमात रंगासारखी मुरते. काढायला गेलं तर कापड जाईल. आणि कशाला काढायचा? ही पैठणी लग्नात नेसली जायची, याचा यावर दुसरा पुरावा कुठं आहे?" गंजाचे ठिपकेही तसेच ठेवले. अकरा लग्नं आणि एक धरण, दोन्हींच्या खुणा एकाच कापडावर राहिल्या.

ठेवायची कशी, हेही त्यांनी शिकवलं. घडी नकोच, गुंडाळी करायची. मी लगेच म्हणालो, घरी पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप शिल्लक आहे. त्या हसल्या. प्लास्टिकमधून हळूहळू वाफा सुटतात, त्या रेशमाला आणि चांदीला बाधतात. कापडाच्या दुकानात तागा गुंडाळायचा पुठ्ठ्याचा जाड नळा मिळतो, तो घ्यायचा. पुठ्ठ्यातही आम्ल असतं म्हणून त्याच्यावर आधी ॲल्युमिनियमचा कागद, वर मलमल. मलमल नवी असली तर तीन-चार वेळा धुऊन खळ घालवायची, कारण खळ खायला कसर आणि झुरळं येतात. पदराची उजवी बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायची. वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकून नकोत. पत्र्याच्या पेटीऐवजी कोरड्या खोलीतलं कपाट, भिंतीपासून सुटं. लिंब आणि वेखंड पुरचुंडीत चालेल. वर्षातून दोनदा उघडून बघायचं, कोरड्या हवेत, सावलीत.

ऐकता ऐकता अक्का म्हणाली, "हे तर आजीचंच हाये की बहुतेक." बाई म्हणाल्या, "म्हणून तर इतकी टिकली."

पैठणी अक्काकडं राहावी असं ठरलं. तिघांपैकी कोरडं, सिमेंटचं घर तिचं. आजीच्या हाताखाली पेटी उघडायला बसलेली आता तीच एक उरली आहे. आणि हक्कसोडाची ती सही आम्ही दोघं भाऊ विसरलेलो नव्हतो. ठरवताना त्या सहीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. भावानं स्वतः पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर ती गुंडाळी आडवी ठेवून आणली आणि अक्काच्या हातात दिली.

अक्काची नात नवी पैठणी नेसून बोहल्यावर उभी राहिली. येवल्याहून घेतली, मोर-बांगडीची, सुरेख. जुनीचं तिला काही वाटेल असं मला वाटलं नव्हतं. ही पोरं मोबाइलवर लग्न ठरवणारी. पण हळदीच्या आदल्या दिवशी तिनं ती बघायला मागितली. अक्कानं बाजेवर चादर अंथरली. पोरीनं न सांगता अंगठी काढली, हात धुतले. दोघींनी मिळून पदर तेवढा उलगडला. अक्का त्या पिवळ्या डागावरून, हात न टेकवता, बोट फिरवत नावं सांगत गेली. ही तुझ्या पणजीची सासू. ही काकू, जिचा शालू दुष्काळात जळाला. ही तुझी पणजी. मी. अकरा नावं झाली. पोरीनं ती वहीत लिहून घेतली, लग्नाचं साल माहीत असेल तिथं सालासकट. तोवर ही नावं कुठंच लिहिलेली नव्हती. सातबारावर त्यातली आज एकही नाही.

ती वही आता गुंडाळीशेजारी त्याच कपाटात असते. दसरा आला की अक्काचा फोन येतो, "पैठणी उघडलीय. कसर न्हाई. ओल न्हाई. पदर जसाच्या तसा." मी इकडून पावसाचं सांगतो, कपाशीचं सांगतो. मग ती म्हणते, "बरं, ठेवते आता. गुंडाळायचीय, दोन मानसं लागतात." तिकडं मागून नातीचा आवाज येतो. माहेरी आली असली की दुसरं टोक तीच धरते.